एकट्या जिवाला काय लागतंय?

वैशाखातली संध्याकाळ आहे. दिवसभर तापलेले पत्रे अजून निवलेले नाहीत. गुरे गोठ्यात आली, धारा झाल्या, आणि तुम्ही आता परातीत पीठ घेणार आहात. पण हात पिठात घालण्याआधी जरा भिंतीपलीकडे कान द्या. शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे का?

आमच्या शेजारच्या मावशी एकट्याच राहतात. मुलगा-सून पोटासाठी शहरात, लेक सासरी. मागच्या वैशाखात एके दिवशी दुपार कलल्यावर त्या उंबऱ्यातच बसलेल्या दिसल्या. डोळे मिटलेले, तोंड कोरडे पडलेले. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले, पाय ओल्या फडक्याने पुसले, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने त्यांना हुशारी आली. विचारता विचारता कळले, की दोन दिवस त्यांनी चूल पेटवलीच नव्हती. शिळी भाकरी, वर चटणी, झाले जेवण! रागावले तर म्हणाल्या, "अगं, एवढ्या उन्हात एकटीसाठी कुठं चूल पेटवायची? एकट्या जिवाला काय लागतंय?"

मायबहिणींनो, हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. बोलायला ते साधे आहे, पण उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकते. वय झाले की तहानेची जाणीव कमी होते. अंगातले पाणी आटत असते, पण घसा मागत नाही. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. त्यात जेवण अर्धवट, म्हणजे ते भरून यायची वाटच बंद! म्हणून आज अशा शेजाऱ्याला रात्री आपल्याकडे जेवायला बोलावण्याविषयी दोन गोष्टी बोलू. हे काही सणाचे जेवण नव्हे, आणि त्याचे ओझे तर मुळीच व्हायला नको.

बोलवावे कसे?

"तुम्ही एकट्या, तुमचे हाल होतात, म्हणून या," असे चुकूनही म्हणू नका. ज्या माणसाने जन्मभर दहाजणांना वाढले, त्याला दयेचा घास गोड लागत नाही. त्यापेक्षा काम सांगा. "मावशी, आज पन्हं करतेय, गूळ किती घालू ते बघायला या. अन् येताना तुमच्या लोणच्याची फोड घेऊन या, पोरं मागं लागलीत." बघा, त्या कशा पदर सावरून येतात! वाटीभर लोणचे आणणारी बाई पाहुणी होत नाही, ती घरचीच होते.

बेत साधाच हवा

उन्हाळ्याच्या रात्री पोटाला हलके आणि अंगात पाणी राहील असे जेवण चांगले. आमचा बेत ठरलेला असतो: ज्वारीची भाकरी, पातळसर पिठले, कैरी-कांद्याची चटणी, मठ्ठा, आणि आल्याबरोबर हातात द्यायला पन्हे. वाळवणातला पापड विस्तवावर भाजला की पोरेही खूश. सहा माणसांचे प्रमाण देते.

पन्हे दुपारीच करून ठेवा. मध्यम आकाराच्या दोन कैऱ्या उकडा किंवा चुलीच्या आरावर भाजा. गर वाटीभर निघाला, तर दीड ते दोन वाट्या गूळ, अर्धा चमचा मीठ, थोडी वेलची आणि सहा-सात पेले पाणी. माठातले पाणी घातले तर बर्फाची गरज नाही. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ वाऱ्याच्या जागी ठेवावा. शेजाऱ्याला साखरेचा आजार असेल, तर गुळाऐवजी मीठ आणि भाजलेले जिरे घालून त्याच्यापुरते वेगळे करा. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले असेल, तर तेही ध्यानात ठेवा.

पिठल्याला दोन वाट्या बेसन आणि सहा वाट्या पाणी. निम्म्या पाण्यात बेसन आधीच कालवून ठेवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेलात मोहरी-जिरे, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि दोन कांदे परता. हळद-मीठ घाला, उरलेले पाणी ओता, उकळी आली की कालवलेले बेसन सोडून ढवळत राहा. मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटे शिजू द्या. कच्च्या पिठाचा वास गेला की उतरवा. दात नसलेल्या माणसाला पातळ पिठल्यात भाकरी कुस्करून खाता येते, म्हणून हा बेत. म्हाताऱ्या माणसासाठी मिरची मात्र बेतानेच.

चटणीसाठी एक कैरी आणि दोन कांदे किसून घ्या. मीठ, तिखट, सुपारीएवढा गूळ, वरून हिंगाची फोडणी. झाले.

मठ्ठ्याला दोन वाट्या ताजे दही आणि सहा वाट्या पाणी घुसळा. आले, जिरे, कोथिंबीर आणि मीठ घाला. एक सांगणे आहे. मठ्ठा आणि पन्हे कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आंबट पदार्थ त्यात कळकतात आणि पोटाला बाधतात. स्टीलचे किंवा मातीचे भांडे बरे.

भाकरी मात्र शेवटी, माणसे बसल्यावरच. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावे. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते; तेव्हा थोड्या पिठाची उकळत्या पाण्यात उकड काढून ती मिसळावी. मावशींनी "सर गं, मी थापते" म्हटले, तर सरकून बसा. दोन भाकऱ्या त्यांना थापू द्या. तो मान त्यांचा आहे.

अंगणातले जेवण

स्वयंपाकघरात घाम गाळत बसण्यापेक्षा अंगणात सडा मारून सतरंजी टाका. वीज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून कंदील किंवा बॅटरी हाताशी असू द्या. जेवताना आग्रहाचा भडिमार नको. मठ्ठ्याचा पेला मात्र दोनदा पुढे करा. बोलता बोलता सहज विचारा, "दिवसात पाणी किती पिता? चक्कर येते का? गोळ्या संपल्या तर नाहीत?" जेवणाच्या ओघात माणूस खरे सांगतो. दारात उभे राहून विचारले, तर "बरं आहे" म्हणून मोकळा होतो.

घरात सर्वांनी ठाऊक करून ठेवावी अशी एक गोष्ट सांगते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हे अशक्तपणा आलेल्याला घोट घोट द्यावे. पण अंग भट्टीसारखे तापले, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

रिकामे भांडे परत देऊ नये

जेवण झाल्यावर मावशींबरोबर एखाद्या पोराला बॅटरी घेऊन दारापर्यंत धाडा. उरलेले पिठले बांधून देऊ नका. या दिवसांत ते सकाळपर्यंत आंबते. द्यायचेच तर ताजे विरजण लावलेली वाटी द्या.

आपल्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. आमच्या त्या वाटीतून दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या चार शेंगा आल्या. परवा आम्ही त्यातून मेथकूट धाडले, काल त्यातून कुरड्या आल्या. ती वाटी आता कोणाची, हे आम्हां दोघींनाही सांगता यायचे नाही. पण वाटी दोन दिवस आली नाही, की माझे पाय आपसूक त्यांच्या उंबऱ्याकडे वळतात.

तेव्हा आज पीठ मळताना दोन मुठी जास्तच घ्या. आणि भिंतीपलीकडे हाक मारा.