साधा फोन, गायीचे केस आणि एक मोठं गणित : केनिया-टांझानियात दूध कसं वाढवतायत?

'डेअरीमध्ये टेक्नॉलॉजी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दूध काढणारे रोबो आणि गळ्यात सेन्सर घातलेल्या गायी येतात. आज मी ज्या सिस्टिमबद्दल सांगणार आहे तिच्यात यातलं काहीच नाही. तिथे आहे बटणांचा फोन, एसएमएस, मोजपट्टी आणि गायीच्या शेपटीचे उपटलेले चार केस. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला मात्र ही सिस्टिम रोबोपेक्षा जास्त भारी वाटते. का, ते सांगतो.

आधी तिथला गोठा कसा असतो ते बघू. केनियातलं बहुतेक दूध मोठ्या फार्मवरून येत नाही, दोन-चार गायी असलेल्या छोट्या शेतकऱ्यांकडून येतं. डोंगराळ, थंड भागात जमीन इतकी कमी की गायीला चरायला सोडायला जागाच नाही. ती गोठ्यातच असते, आणि बांधावरचं नेपिअर गवत कापून तिच्या पुढ्यात टाकतात. (आपल्याकडे हत्तीगवत म्हणतात तेच.) गायी बहुतेक संकरित. फ्रिजियन, आयरशायर, जर्सी यांचं रक्त आणि स्थानिक झेबू गायींचं रक्त, प्रमाण कोणालाच नक्की माहीत नाही. दिवसाला पाच-सात लिटर दूध देणारी गाय तिथे नेहमीची, आणि त्याच वंशाची गाय युरोपात २५-३० लिटर सहज देते.

मग आणा की युरोपातून चांगल्या वळूचं सिमेन, असं कोणालाही वाटेल. तसं आणलंही जातं. पण गोम अशी आहे की अमेरिकेत किंवा नेदरलँड्समध्ये 'टॉप' ठरलेला वळू टॉप कशामुळे ठरला? त्याच्या मुलींनी मक्याचा मुरघास आणि पोतंभर खुराक खाऊन भरपूर दूध दिलं म्हणून. तीच मुलगी टांझानियातल्या टांगा भागात उन्हात, कोरड्या गवतावर आणि गोचिडांच्या संगतीत किती दूध देईल, हे त्या रँकिंगमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. पूर्व आफ्रिकेत गोचिडांमुळे पसरणारा ईस्ट कोस्ट फीव्हर हा मोठा शत्रू आहे, आणि त्याचा तडाखा बाहेरून आलेल्या वंशांना जास्त बसतो. गायीत परदेशी रक्त वाढवत गेलं की त्याच हिशोबात दूध वाढेल, असं छोट्या गोठ्यांत दिसत नाही. मोठ्या गायीला आधी तेवढा चारा लागतो ना!

यात वेळेचा हिशोब सगळ्यात त्रासदायक आहे. आज कृत्रिम रेतन केलं, तर नऊ महिन्यांनी वासरू. कालवड असली तर ती मोठी होऊन, गाभण राहून पहिल्यांदा विणार आणखी दोन-अडीच वर्षांनी. म्हणजे वळू चुकला हे कळायला साधारण तीन वर्षं जातात. आम्ही कोडमध्ये बग टाकला तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी ओरडतं. इथे बग तीन वर्षं चारा खातो. आणि ज्याच्याकडे दोनच गायी आहेत त्याला असे किती प्रयोग परवडणार?

एसएमएसने काय होतं?

पहिला प्रश्न तारखांचा. गाय दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम अर्धा दिवस किंवा त्याहून थोडा जास्त. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम तिथेही आहे आणि इथेही. माज हुकला की सरळ २१ दिवस थांबा. गाय खायची थांबत नाही.

केनियातल्या सू काहुंबू या शेतकरी बाईंनी यावर 'आयकाऊ' नावाची सेवा काढली. २०१० मध्ये कल्पनेला 'अॅप्स फॉर आफ्रिका' स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, २०११ मध्ये सेवा सुरू झाली. शेतकऱ्याने गायीच्या रेतनाची किंवा विण्याची तारीख फोनवरून नोंदवायची, मग त्या तारखेवरून वर्षभर योग्य वेळी मेसेज येत राहतात : आता माजावर लक्ष ठेव, आता दूध आटवायला घे, वासराला पहिला चीक वेळेत पाज. बॅकएंडला काय असेल? एक तारीख, त्यात दिवसांची बेरीज, आणि रांगेत लावलेले मेसेज. कॉलेजचं पोर एका रात्रीत लिहील असा कोड! पण २००७ पासून एम-पेसाने पैसे पाठवायची सवय लावलेल्या देशात साध्या फोनवर सेवा वापरणं कोणाला शिकवावं लागलं नाही. तीच अर्धी लढाई होती.

जाता जाता एक गंमत. एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण ती रोमन लिपीत. स्वाहिली रोमनमध्ये लिहितात, म्हणून पूर्ण वाक्य आरामात बसतं. इथिओपियातली अम्हारिक किंवा आपली देवनागरी असली की मर्यादा थेट ७० वर येते. वेलांटी, काना सगळं धरून ७०! मराठीत असा मेसेज लिहून बघा, मग कळेल.

आता खरं गणित

माज ओळखला, रेतन वेळेवर झालं. पण कांडी कुठल्या वळूची? यासाठी नैरोबीत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने, म्हणजे इलरीने, आफ्रिकन डेअरी जेनेटिक गेन्स हा प्रकल्प चालवला. सुरुवात टांझानिया आणि इथिओपियात झाली, पैसे गेट्स फाउंडेशनचे. गावातला नोंदणी करणारा माणूस टॅब्लेट घेऊन गोठ्यात जातो, गायीच्या कानातला बिल्ला वाचतो, त्या दिवशीचं दूध लिहितो आणि छातीच्या घेरावर पट्टी लावून वजनाचा अंदाज काढतो. नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरतो, रेंज आली की डेटा वर जातो.

एवढ्यावर वळू निवडता येत नाही. समजा रामाची गाय १२ लिटर देते आणि शामाची सहा. रामाच्या गायीचे जीन्स चांगले, की रामा चारा चांगला घालतो? एक फलंदाज फक्त वानखेडेवर खेळला आणि दुसरा फक्त गल्लीत, तर कोण भारी, हे धावांवरून ठरत नाही. मोठ्या फार्मवर एकाच छपराखाली, एकाच चाऱ्यावर शंभर गायी असतात, तुलना सोपी. इथे छपराखाली दोनच.

यावर जुना उपाय म्हणजे एकाच वळूच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत शोधायच्या. त्या जिथे आहेत तिथे आजूबाजूच्या गायींपेक्षा सरस ठरत असतील तर श्रेय वळूचं. पण त्यासाठी गायीचा बाप कोण हे माहीत पाहिजे, आणि कागदावर तेच नसतं. इथे शेपटीचे केस कामाला येतात. केसाच्या मुळातून डीएनए काढून चिपवर हजारो ठिकाणचं एकेक अक्षर वाचतात. दोन गायींची अक्षरं किती जुळतात यावरून नातं किती जवळचं ते निघतं, कोणी वंशावळ लिहिलेली नसली तरी. कुठल्या वंशाचं रक्त किती टक्के तेही कळतं. शेतकऱ्याला वाटत असतं तसं ते पुष्कळदा नसतं.

आता सगळे गोठे एका जाळ्यात बांधले गेले. डीएनएचा अमुक तुकडा चाळीस वेगवेगळ्या गोठ्यांत आहे आणि सगळीकडे तो असलेल्या गायी थोडं जास्त दूध देतायत, तर तो चाऱ्याचा योगायोग नाही. असे हजारो तुकडे, प्रत्येकाचं छोटंसं वजन, आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या जनावराचा अंदाजे दर्जा. ही कल्पना २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड यांनी मांडली. मशीन लर्निंग शिकलेल्यांनी ओळखलं असेलच : डेटापेक्षा पॅरामीटर जास्त असलेलं रिग्रेशन. फायदा असा की वळूच्या मुली मोठ्या होऊन दूध देईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायची गरज नाही, जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या केसावरून अंदाज निघतो. टांझानियात अरुशाजवळ उसा रिव्हरला आणि केनियात नैरोबीजवळ कबेटेला सरकारी केंद्रं वळू पाळून कांड्या भरतात. कुठला वळू ठेवायचा हे तिथल्याच गोठ्यांच्या डेटावरून ठरवता येणं, ही मला खरी मोठी गोष्ट वाटते.

आपल्याशी संबंध? केनियात नैवाशाला साहिवाल गायींचा सरकारी कळप आहे, त्यांचे पूर्वज अखंड हिंदुस्थानातून गेलेले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला 'गौचिप' आणि 'महिषचिप' जाहीर झाल्या, त्या याच कामासाठी, आपल्या देशी गायी-म्हशींचा डीएनए वाचायला. गावाकडे गायीच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला बघितला असेल, तो या साखळीचं दुसरं टोक.

अडचणी आहेतच. दूध काढते बाई आणि फोन नवऱ्याच्या खिशात, मग माजाचा मेसेज कोणाला जातो? दुष्काळात हिरवा चाराच नसेल तर उत्तम जीन्स काय करणार? आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तो टॅब्लेटवाला. त्याचा पगार प्रकल्पातून येतो. तो गोठ्यात जायचा थांबला की नवा डेटा थांबतो, आणि दोन-तीन पिढ्यांत वळूंचे अंदाज शिळे होतात. शेतकऱ्याला त्याच्या फोनवर त्याच्या गायीबद्दल लगेच काहीतरी उपयोगी परत मिळालं, तरच तो स्वतः पैसे देईल किंवा स्वतः आकडे भरेल. म्हणून आता तिथे नोंदीच्या बदल्यात शेतकऱ्याला गायीच्या आणि चाऱ्याच्या सल्ल्याचे मेसेज जातात. पुन्हा तोच १६० अक्षरांचा एसएमएस.