आखडलेल्या बोटांसाठी दातांचा ब्रश

पकड सैल असेल तर

• बोटांचा सकाळचा ताठरपणा आमवातात बहुधा तासाहून जास्त टिकतो. झिजेच्या संधिवातात साधारण अर्ध्या तासात ओसरतो.

• दांडा जाड असला की मूठ कमी आवळावी लागते. एसीच्या पाइपवर चढवतात ती फोमची नळी दांड्यावर बसते. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

• पकडच नसेल तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा, त्याच्या खाचेत ब्रश.

• विजेवरच्या ब्रशने मनगट कमी हलते. वजन मात्र जास्त.

• मऊ केस. दिवसातून २ वेळा, २ मिनिटे.

• ब्रशऐवजी मशेरी नको: ती भाजलेली तंबाखूच, मंजन नव्हे.

• असे उपाय शिकवणारी शाखा ऑक्युपेशनल थेरपी. देशातले तिचे पहिले विद्यालय: केईएम रुग्णालय, परळ, मुंबई, १९५०, संस्थापक कमला निंबकर.