कचऱ्यावर उगवलेलं रान

रविवारी मुलांना घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न मुंबईतल्या घराघरांत शनिवारी रात्रीच सुरू होतो. राणीची बाग पाहून झालेली असते, चौपाटीवर ऊन असतं आणि मॉलमध्ये पायांपेक्षा खिसाच जास्त दमतो. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. पण दादर-परळकडच्या माणसाचा निम्मा उत्साह लोकलमध्येच संपतो. अशा वेळी कुणी विचारलं तर मी एक पत्ता सांगतो. शीवहून वांद्र्याला जाणारा जोडरस्ता, धारावीच्या बस आगारासमोर. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. धारावीत? आणि रान?

होय, रान. कागदोपत्री त्याचं नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. बरेच जण त्याला माहीमचं निसर्ग उद्यान म्हणतात. मिठी नदीच्या काठाला लागून ३७ एकरांचा हा पट्टा आहे. रस्त्यावर ट्रक, रिक्षा आणि हॉर्न यांचा नुसता गदारोळ. पण फाटकातून आत शिरून जरा पुढे गेलं की तो मागे पडतो. वाट सपाट आहे, डोक्यावर सावली आहे. आमच्या घरची वरात तशी संमिश्र असते. गुडघ्याची तक्रार असलेल्या सासूबाई, बायको, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा भाचा. डोंगर नाही, चढ नाही, त्यामुळे सासूबाईंना काठी टेकत मजेत फिरता येतं. भरभर चाललं तर तासाभरात फेरी पूर्ण होते. मुलं बरोबर असली तर दोन तास धरावेत आणि त्याबद्दल कुरकुर करू नये.

कारण मुलं रान बघतात ते जमिनीपासून. मोठी माणसं शेंड्याकडे बघत ‘हवा किती छान’ म्हणत असतात, तेव्हा मुलांना मुंग्यांची रांग दिसलेली असते. भाच्याला एकदा वाटेवर करंजाच्या चपट्या शेंगा सापडल्या. त्या खिशात कोंबून तो घरापर्यंत घेऊन आला. सासूबाईंचं बालपण कोकणातलं. करंजाचं तेल, पळसाच्या पत्रावळी, उंबराच्या फळातली चिलटं, असं एकेका झाडापाशी त्यांना काहीबाही आठवत जातं. घरी टीव्हीसमोर नातीला यातलं एक अक्षर ऐकायचं नसतं. इथे मात्र ती ‘आजी, आणि हे कसलं झाड?’ म्हणून मागे लागते. भारद्वाजाचा ‘हूप हूप’ असा घुमणारा आवाज कुठून येतो हे शोधण्यात दोघींची पंधरा मिनिटं सहज जातात. भारद्वाज दिसला तर शकुन, असं सासूबाई सांगतात. नातीचा शकुनावर विश्वास नाही, पण पक्षी मात्र तिला बघायचाच असतो.

फुलपाखरं हा मुलांच्या आवडीचा आणखी एक विषय. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. काळ्या मखमलीवर निळा रंग सांडावा तसे त्याचे पंख असतात. त्याची मादी अंडी घालते ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, आणि अळ्या तीच पानं खाऊन वाढतात. कुरतडलेली पानं पाहून लेक म्हणाली, ‘बाबा, हे झाड आजारी आहे का?’ तेव्हा तिला सांगता आलं की फुलपाखरू हवं असेल तर अळीलाही जेवू घालावं लागतं. पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिला हे लवकर कळलं.

आता या रानाची खरी गोष्ट. तुम्ही ज्या वाटेवर चालता, तिच्याखाली मुंबईचा कचरा आहे. वर्षानुवर्षं इथे शहराचं कचराकुंड होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला कचरा टाकणं थांबलं आणि या जागेवर झाडं लावावीत असा विचार काही निसर्गप्रेमींनी मांडला. कचऱ्याच्या ढिगाला जमीन म्हणत नाहीत. तो आतून कुजतो, तापतो, खचतो, त्यातून वायू निघतो. वर माती आणून पसरायची, तग धरतील अशी झाडं लावायची, त्यांचा पालापाचोळा पडू द्यायचा, त्याची माती होऊ द्यायची आणि थांबायचं. पहिलं रोप १९८३ मध्ये लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी. त्यांचा जन्म १८९६ चा, म्हणजे तेव्हा वय नव्वदीकडे झुकलेलं. १९८७ मध्ये ते गेले. उद्यान लोकांसाठी खुलं झालं १९९४ मध्ये. आज ज्या सावलीतून आपण चालतो, ती आपल्याला मिळणार नाही हे माहीत असलेल्या माणसाच्या हातून तिची सुरुवात झाली आहे.

नदीच्या बाजूला गेलात की तिवरं दिसतात. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली ती त्यांची श्वसनमुळं. भरतीच्या पाण्याचा जोर अडवण्याचं काम ही झाडं गुपचूप करतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ इथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी ही नदी आहे, नाला नव्हे, हे मुंबईला जीव मुठीत धरून कळलं. पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती चमकतात. गंमत अशी की ते संकुल आणि हे रान, दोन्ही एकाच मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची अपत्यं. एकाच घरातले दोन भाऊ असावेत, एक कमावता आणि एक शांत, तसे हे दोघे समोरासमोर उभे आहेत.

आणि शांत भावाच्या वाट्यावर घरातल्यांचा डोळा असतोच. ३७ एकर म्हणजे सोळा लाख चौरस फूट. मुंबईत जमीन डोळ्यांनी नव्हे, चौरस फुटांनी बघतात. धारावीच्या पुनर्विकासाच्या आखणीत हे उद्यानही ओढलं जाईल अशी भीती अनेकांना वाटली. २०२३ मध्ये प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि उद्यान पुनर्विकास प्रकल्पाचा भाग नाही, असं तिथे सांगण्यात आलं. दिलासा मिळाला. तरी एक गोष्ट विसरू नये. धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला पायाखाली माती आणि डोक्यावर झाड हवं असेल तर त्याच्या घराजवळ दुसरी जागा कुठली? नव्या इमारती झाल्यावर तर त्याला या रानाची गरज अधिकच भासेल.

रिकामी दिसणारी जागा या शहरात फार दिवस रिकामी राहत नाही. जिथे माणसं येत नाहीत, ती जागा कुणाचीच नाही असं समजायला सोकावलेले लोक पुष्कळ आहेत. म्हणून या रानात जायला हवं. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा विचारून घ्या. शक्यतो सकाळीच जा, तेव्हा पक्षी बोलके असतात. पाण्याची बाटली, टोपी आणि डासांसाठी मलम जवळ ठेवा. खाऊच्या पिशव्या परत आणा. या जमिनीने शहराचा पुरेसा कचरा पोटात घातला आहे. आणि शक्य असेल तर घरातल्या आजीला किंवा आजोबांना बरोबर न्या. झाडांची नावं माहीत असलेली ही बहुधा शेवटची पिढी आहे. ती नावं मुलांच्या तोंडी बसली, तर उद्या कुणी या झाडांना हात लावताना दहादा विचार करील.