फ्यूज कुणासाठी जळतो?

फ्यूज उडाला की घरात धावपळ होते ती तारेच्या तुकड्यासाठी. तो का उडाला, हा प्रश्न मागून येतो, आणि बरेचदा येतच नाही. फ्रिज चालू आहे, टीव्ही चालू आहे, म्हणजे फ्यूजने आपलं काम केलं आणि वस्तू वाचवल्या, असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते घोटाळ्याचं मूळ या समजुतीतच आहे. बोर्डावरचा फ्यूज फ्रिजसाठी बसवलेला नसतो. घरातल्या माणसांसाठीही नसतो, हे ऐकायला कडू लागलं तरी खरं आहे. तो असतो भिंतीत गाडलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या तारेसाठी. एकदा हे मान्य केलं की ‘फ्यूज किती अँपिअरचा हवा’ या प्रश्नाचं उत्तर घरात काय काय चालवायचंय यावर अवलंबून राहत नाही. भिंतीत कुठली तार आहे यावरच ते ठरतं.

तारेतून वीज गेली की तार तापते, आणि ती उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. भिंतीतल्या तारेवरचं पीव्हीसीचं आवरण साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंत रोज सोसण्यासाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते लगेच पेटत नाही. आधी कडक होतं, मग तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आड. या तारेच्या वाटेत एका ठिकाणी मुद्दाम एक बारीक तार ठेवायची, ती चिनी मातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार धरणाऱ्या पकडीत, जिथे ती वितळली तरी आजूबाजूला पेटण्यासारखं काही नाही, एवढीच फ्यूजची कल्पना. 15 अँपिअरच्या फ्यूजची कल्हई केलेली तांब्याची तार अर्धा मिलिमीटर जाडीची असते. भिंतीतल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेशी तुलना केली तर तिचा छेद जवळजवळ तेरापट लहान. दोघींतून प्रवाह तोच जातो, पण बारीक तारेत दर सेंटिमीटरला तेरापट उष्णता निर्माण होते आणि ती झेलायला तांबं मात्र तेराव्या हिश्शाचं. म्हणजे शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकदम उसळला, तर फ्यूजची तार भिंतीतल्या तारेच्या दीडशेहून जास्त पट वेगाने तापते. तांब्याचा वितळबिंदू 1085 अंश. फ्यूज तिथे पोचतो तेव्हा भिंतीतल्या तारेला जेमतेम ऊब आलेली असते. उडालेला किटकॅट उपसून पाहिला तर हा प्रसंग वाचताही येतो. तार मधोमध तुटून टोकांना बारीक थेंब गोठले असतील तर बहुधा लोड जास्त होऊन ती हळूहळू वितळली. तारच गायब, आतली पांढरी माती काळवंडलेली आणि तिच्यावर तांब्याचे कण उडालेले, तर शॉर्ट झालं होतं.

यावर घराघरातला नेहमीचा आक्षेप असा: फ्यूज उगाचच उडतो, जरा गिझर लावला की गेला, मग जाड तार बांधली तर काय बिघडलं? आकडे याच्या उलट बोलतात. 15 अँपिअरचा किटकॅट 15 ला वितळत नाही. तो खात्रीने जातो त्याच्या दुपटीच्या आसपास. 230 व्होल्टवर 2000 वॅटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो. त्याच लाइनवर 2000 वॅटची इंडक्शन शेगडी लावली की 17.4. वर 1000 वॅटची इस्त्री, की पावणेबावीस. भिंतीतली उष्णता आता 15 अँपिअरच्या वेळेपेक्षा दुपटीहून जास्त झाली, आणि फ्यूज अजून शांत आहे. तो हळवा नाही, उलट फार सोशिक आहे. म्हणून वाजवी तार बांधलेला फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर कुठे तरी शॉर्ट आहे, लोड खरोखर मर्यादेबाहेर गेलंय, नाही तर किटकॅटचे संपर्क सैल होऊन तापताहेत. जाड तार यातलं काहीच बरं करत नाही.

जाड म्हणजे किती, याचा हिशोबही फसवा आहे. ब्रिटिश अभियंता विल्यम प्रीस याने 1880 च्या दशकात तारा वितळवून पाहिल्या आणि नियम बांधला: वितळवणारा प्रवाह व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. सोप्या भाषेत, तार दुप्पट जाड केली तर फ्यूज दुप्पट नव्हे, पावणेतीन पटीहून जास्त प्रवाह सोसतो. दिव्यांच्या लाइनवर 5 अँपिअरसाठी 0.2 मिलिमीटरची एक तार पुरते. घरी मात्र फ्यूज वायर सापडत नाही, मग जुन्या फ्लेक्स वायरचे सात-आठ पदर पिळून बांधले जातात. तेवढ्याने 5 चा फ्यूज 15 च्या वर जातो. दिवे लागतात, फ्यूज ‘टिकतो’, आणि घरातली सगळ्यात अशक्त जागा किटकॅटमधून निघून भिंतीत जाऊन बसते. गावाकडे हाच प्रकार डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, चालतो. पेटीतला फ्यूज सारखा जातो म्हणून कुणी तरी ॲल्युमिनियमची जाड तार बांधतं. पंप चालू होतात, फ्यूज जात नाही, आणि एक दिवस डीपीच जळते. मग पाण्याविना वाळणारं पीक आणि नव्या ट्रान्सफॉर्मरची वाट. तीस सेकंदांत बांधता आला असता असा तुकडा वाचवला, त्याची ही किंमत.

कुणी म्हणेल, हे जुनं पुराण झालं. आता घरोघरी एमसीबी आहेत. ह्यूगो स्टॉट्झने जर्मनीत 1924 मध्ये असा छोटा स्वयंचलित ब्रेकर बनवला त्याला शंभर वर्षं झाली, आणि तो किटकॅटपेक्षा सरस आहे यात वाद नाही. 16 चा एमसीबी 1.45 पट, म्हणजे 23.2 अँपिअरला तासाभरात पडलाच पाहिजे, असं मानक सांगतं. शॉर्टसर्किटला तर आतली विद्युतचुंबकाची कळ त्याला क्षणात पाडते. शिवाय त्याला तार बांधायची नसते, त्यामुळे चुकीची तार बांधायची सोयच नाही. पण माणूस त्यातूनही वाट काढतो. एसी लावल्यावर 16 चा एमसीबी पडतो म्हणून त्याच जागी 32 चा बसवतात आणि भिंतीतली तार तीच ठेवतात. जाड तार बांधण्याचाच हा प्रकार, फक्त देखणा. आता तो एमसीबी 46 अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहेपर्यंत तासभर गप्प बसू शकतो, आणि मागच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेला त्यातला निम्माही दीर्घकाळ जड जातो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. स्टॅबिलायझर, मायक्रोवेव्ह यांच्या आत छोटा फ्यूज असतो. तो तर उपकरणासाठीच ना? बऱ्याच अंशी हो. पण बहुतेक वेळा तो जातो तेव्हा आतला एखादा भाग आधीच निकामी झालेला असतो. फ्यूज फक्त पुढची आग टाळतो. ब्रिटनमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून प्लगच्या पोटातच फ्यूज असतो, 3 अँपिअरचा किंवा 13 चा, आणि तो निवडायचा निकष उपकरणाची किंमत हा नाही, त्याला जोडलेली लवचिक वायर किती सोसते हा आहे. तिथेही राखण तारेचीच.

माणसाचं काय? भिजल्या हाताने चालू तारेला हात लागला तर अंगातून जाणारा प्रवाह अँपिअरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतका असू शकतो. हृदय थांबवायला तेवढा पुरे, आणि 5 अँपिअरच्या फ्यूजला तो जाणवतही नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं: फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत येतोय का हे पाहणारा आणि 30 मिलिअँपिअरची तूट दिसताच तोडणारा आरसीसीबी. जुन्या बोर्डांवर तर फ्यूजच घातक ठरतो. तिथे फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे किटकॅट जोडीने असतात. न्यूट्रलचा उडाला तर दिवा जातो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. आणि दिवा गेलाय म्हणून कुणी तरी निर्धास्तपणे स्टुलावर चढतो.

वर्तमानपत्रात ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ हे वाक्य इतकं ठरलेलं आहे की त्याचा टाइपच तयार ठेवत असावेत. खरं तर योग्य फ्यूज असेल तर शॉर्टसर्किट हीच गोष्ट तो सर्वात चोख अडवतो. तो हतबल होतो सैल जोडापुढे. सॉकेटमागचा स्क्रू ढिला झाला, तिथला रोध वाढला, की नेहमीच्याच 8-9 अँपिअरवर तो सांधा लालबुंद होऊ शकतो, आणि बोर्डातून जाणारा प्रवाह मात्र तेवढाच राहतो. फ्यूज फक्त प्रवाह पाहतो. कुठे तापतंय ते त्याला दिसत नाही. पिवळटलेलं सॉकेट, जळक्या प्लास्टिकचा वास, पिन काढल्यावर हाताला लागणारी ऊब, हे ओळखायला घरातलंच माणूस लागतं.

एमसीबीच्या अंगावर सी16 असं ठळक छापलेलं असतं. त्याच्यामागून निघून भिंतीत शिरणारी तार दीड चौरस मिलिमीटरची आहे, अडीचची की चारची, हे प्लास्टर झाल्यावर घरात कुठेच लिहिलेलं सापडत नाही. एखादा वायरमन डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, झाकणाच्या आत स्केचपेनने लिहून ठेवतो: ‘किचन, 2.5’, ‘एसी, 4’. पुढे कुणी 32 चा एमसीबी घेऊन आला, तर त्याने आधी ते झाकण उघडावं.