आरोग्य संवर्धन कार्यक्रमांच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

रोग झाल्यानंतर त्यावर उपचार करणे आणि लोकांना आपले आरोग्य स्वतः सांभाळण्यास समर्थ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने दुसऱ्या गोष्टीस 'आरोग्य संवर्धन' या नावाने जागतिक मान्यता मिळवून दिली. लसीकरण मोहिमा, तंबाखूविरोधी प्रबोधन, माता-बाल आरोग्य शिबिरे हे सर्व कार्यक्रम या संकल्पनेत येतात. महाराष्ट्रात २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' व २०२२ मध्ये 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही अभियाने राबविण्यात आली. अशा कार्यक्रमांवर सार्वजनिक निधी व मनुष्यबळ खर्च होत असल्याने त्यांचा उपयोग किती झाला, हे तपासणे आवश्यक ठरते. हे तपासताना कोणत्या अडचणी येतात आणि त्यांवर कोणते उपाय संभवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात केला आहे.

मूल्यमापनाचे स्तर :

मूल्यमापनाचे स्थूलमानाने तीन स्तर मानले जातात. पहिला स्तर प्रक्रियेचा : किती घरांना भेटी दिल्या, किती शिबिरे झाली, किती पत्रके वाटली. दुसरा स्तर तात्कालिक परिणामाचा : लोकांचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन यांत बदल झाला काय. तिसरा स्तर अंतिम फलिताचा : आजारपण व मृत्यू यांचे प्रमाण घटले काय.

पहिल्या स्तराचे आकडे सहज मिळतात. त्यामुळे अनेकदा अहवाल तेथेच थांबतो. शिबिरास उपस्थित राहणे व आरोग्य सुधारणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय ज्यांना आरोग्याची आधीच काळजी असते, तेच शिबिरास प्रथम येतात. म्हणून 'किती लोक आले' या प्रश्नाबरोबर 'कितींपैकी आले' आणि 'कोण आले नाहीत' हे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. अंश मोजला आणि छेद चुकला, तर टक्केवारीस अर्थ उरत नाही.

छेदाचा प्रश्न :

ठाणे परिसरात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती व तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांसारखे आदिवासी तालुके नव्या जिल्ह्यात गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) जिल्ह्यांच्या सीमा २०११ च्या जनगणनेप्रमाणे धरल्या होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) नव्या सीमा धरल्या. त्यामुळे दोन्ही फेऱ्यांतील 'ठाणे' हे नाव एकच असले तरी प्रदेश एक नाही. या दोन फेऱ्यांतील फरक हे एखाद्या कार्यक्रमाचे यश मानल्यास, दुर्गम तालुके वगळल्यामुळे सुधारलेली सरासरी आपण कार्यक्रमाच्या खात्यावर जमा करू.

कल्याण-डोंबिवलीतही हेच घडले आहे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला. तो उच्च न्यायालयाने रद्द केला. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही. या काळात नव्या गृहसंकुलांबरोबरच चाळी व अनधिकृत वस्त्याही वाढत गेल्या. जुन्या आकड्यांवरून ठरविलेली उद्दिष्टे अशा शहरात विश्वासार्ह राहत नाहीत.

अंशही निर्दोष नसतो. कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय येथे शहराबाहेरील रुग्णही येतात. उलट शहरातील अनेक गर्भवती स्त्रिया बाळंतपणासाठी माहेरी जातात. सकाळच्या लोकलने मुंबईस जाणारा नोकरदार दुपारच्या गृहभेटीत भेटत नाही. त्याच्या घरास भेट दिल्याची नोंद मात्र होते.

एक उदाहरण :

समजा, एका प्रभागाच्या यादीत १,००० बालके आहेत व त्यांपैकी ९५० बालकांना गोवराची लस मिळाली. अहवालात ९५ टक्के हा आकडा येईल. परंतु बांधकामाच्या जागी व नव्या चाळींत यादीबाहेरची २५० बालके असतील आणि त्यांतील एकासही लस मिळाली नसेल, तर खरे प्रमाण १,२५० पैकी ९५०, म्हणजे ७६ टक्के होते. गोवराचा प्रसार रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के बालकांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक मानले जाते. म्हणजे कागदावर सुरक्षित दिसणारा प्रभाग प्रत्यक्षात असुरक्षित असतो. ज्या बालकास संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, तेच हिशेबातून गळते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे झालेल्या गोवराच्या उद्रेकाने दाट वस्तीतील लसवंचित बालकांचा प्रश्न पुढे आणला.

तुलनेचा प्रश्न :

छेद अचूक असला तरी दुसरा प्रश्न उरतो : कार्यक्रम नसता तरी हा बदल झाला असता काय? उत्पन्न, शिक्षण व खासगी रुग्णालये वाढत असलेल्या शहरात अनेक निर्देशांक आपोआपही सुधारतात. त्यासाठी तुलना गट लागतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलना गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत ही सेवा राष्ट्रीय स्तरावर स्वीकारण्यात आली.

शहरी अनुभव वेगळा आहे. मुंबईतील ४८ झोपडपट्टी विभागांत २००६ ते २००९ या काळात महिला गटांच्या साहाय्याने असाच प्रयत्न झाला. त्यांपैकी निम्मे विभाग तुलनेसाठी होते. तुलना विभागांच्या मानाने नवजात मृत्युदर घटल्याचे आढळले नाही आणि तसे २०१२ मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध करण्यात आले. तुलना गट नसता, तर केवळ बैठकांच्या संख्येवरून हा उपक्रम यशस्वी ठरला असता. ठाण्यासारख्या परिसरास हा अनुभव अधिक जवळचा आहे.

उपाययोजना :

१. कार्यक्रमापूर्वी घरयादी नव्याने करावी. बांधकामाच्या जागा, वीटभट्ट्या व अनधिकृत वस्त्या तीत घ्याव्यात.
२. सीमा बदललेल्या भागांची, उदाहरणार्थ २७ गावांची, माहिती स्वतंत्र ठेवावी. म्हणजे पूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची समान तुलना होईल.
३. काही गृहभेटी सायंकाळी व रविवारी द्याव्यात.
४. सर्व प्रभागांत एकाच वेळी प्रारंभ शक्य नसल्यास सोडतीने क्रम ठरवावा. नंतर सुरू होणारे प्रभाग तोपर्यंत तुलना गट ठरतात व कोणीही कायमचे वंचित राहत नाही.
५. अहवालाची पडताळणी त्रयस्थांकडून व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक पद्धतीत ३० समूहांतून प्रत्येकी ७ याप्रमाणे २१० बालकांची पाहणी केली जाते. योग्य प्रशिक्षण दिल्यास स्थानिक महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम करू शकतात.

समारोप :

मूल्यमापन म्हणजे राबणाऱ्या आरोग्यसेविकांचे दोष शोधणे नव्हे. चुकीच्या छेदामुळे त्यांचे श्रमही चुकीच्या जागी खर्ची पडतात. ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या सतत बदलणाऱ्या नागरी परिसरात कार्यक्रम किती लोकांपर्यंत पोहोचला, यापेक्षा तो कोणापर्यंत पोहोचला नाही, याचा शोध अधिक मोलाचा आहे. यादीबाहेरचे घर यादीत आणणे ही परिणामकारक आरोग्य संवर्धनाची, आणि म्हणून त्याच्या मूल्यमापनाचीही, पहिली पायरी होय.