रुतलेले चाक आणि उभे चाक

गेल्या पावसाळ्यात आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शिक्षकांचे पत्र आले. वाडीतल्या सात-आठ घरांनी मिळून एक गाडी घ्यायची ठरवली आहे. एरवी तिने हिरडा, भात, किराणा वाहावा. आणि रात्री-अपरात्री कोणाला जास्त झाले, एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या, तर घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचवावे. वाडी डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. मध्ये एक ओढा, एक लाल मातीचा चढ आणि दरीकडे कललेली शे-दीडशे पावलांची वाट. पत्रात पुढे लिहिले होते, 'विकणारा म्हणतो, मागच्या डिफरन्शियलला लॉक असलेलीच घ्या, थोडे पैसे जास्त पडतील. आमच्यातला एक जण म्हणतो, फोर-व्हील घेतली की लॉक कशाला? सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता. आम्ही काय घ्यावे?'

असाच प्रश्न जुन्नरकडे आपटाळे, घाटघर या बाजूलाही विचारला जातो, आणि नारायणगाव-मंचरच्या काळ्या रानातून भर पावसात टोमॅटोची पाटी बाहेर काढणारा पिकअपवालाही तोच विचारतो. तेव्हा उत्तर एकट्या त्या गुरुजींना न देता सर्वांनाच दिलेले बरे.

आधी हे डिफरन्शियल असते कशासाठी, ते पाहू. खळ्यावरची मळणी आठवा. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागीच वळतो, आणि कडेच्या बैलाला मात्र धावावे लागते. म्हणून तर म्हातारा बैल तिवड्याला आणि तरणा कडेला, अशी रीत होती. गाडीच्या चाकांचे वळणावर हेच होते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर घाटातल्या पुरत्या उलट्या वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे पावणेपाच मीटर जास्त चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. का, ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

बैलगाडीला याची अडचण नाही. तिचा आख फिरत नाही आणि दोन्ही चाके आखावर आपापली सुटी फिरतात. मोटारीत मात्र इंजिनाला चाके फिरवायची असतात. दोन्ही चाके एकाच फिरत्या दांड्यावर घट्ट बसवली, तर वळणावर एक चाक फरफटणार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला. त्याने दांडा मध्ये तोडला आणि दोन तुकड्यांच्या मध्ये लहान दातेरी चक्रे अशी बसवली, की जोर दोन्हीकडे जावा, पण एक बाजू हळू आणि एक जलद फिरू शकावी. आजच्या गाड्यांच्या मागच्या आसावर मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्याच्या पोटात हीच चक्रे असतात.

या सोयीतच एक खोड आहे, आणि ती समजली की पुढचे सगळे समजले. एक जू घ्या. त्याच्या मध्यावर दोर बांधा. एका टोकाला धान्याने भरलेले पोते बांधा, दुसऱ्या टोकाला रिकामी पाटी, आणि मधला दोर ओढा. काय होईल? पाटी धावत येईल, जू तिरके होईल आणि पोते जागचे हलणार नाही. मध्यावर दोर असल्यामुळे दोन्ही टोकांना ओढ सारखीच लागते. आणि पाटीला जेवढी ओढ पुरते, त्याहून जास्त ओढ पोत्याला मिळूच शकत नाही. (शाळेत जू नसेल तर फूटपट्टी, दोरा, एक दगड आणि एक खडा एवढ्यावर हा प्रयोग होतो.)

आता पोत्याच्या जागी कोरड्या जमिनीवरचे चाक आणि पाटीच्या जागी चिखलातले चाक ठेवा. कोरड्यातले चाक जमिनीला तीनशे किलोचा रेटा देऊ शकते, चिखलातले फक्त पन्नासचा, असे धरू. साध्या डिफरन्शियलमध्ये दोघांना पन्नास-पन्नासच मिळतात, एकूण शंभर. गाडीला चढ चढायला दोनशे लागत असतील, तर एक चाक गरगर फिरते, दुसरे उभे राहते, आणि आपण ॲक्सिलरेटर दाबून चिखलातले चाक आणखी खोल घालतो. चूक त्या फिरणाऱ्या चाकाची आहे असे सर्वांना वाटते. खरे म्हणजे उभ्या चाकाकडे जोर जात नाही, हे दुखणे आहे.

यावरचा सर्वांत सरळ उपाय लॉकचा. जू आडवे-तिडवे फिरूच नये म्हणून त्याला दांडीशी करकचून बांधून टाकायचे. मग दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि ज्याला जेवढी पकड असेल तेवढा जोर ते चाक घेते. आपल्या हिशेबात पन्नास अधिक तीनशे, म्हणजे साडेतीनशे. चढ चढला.

दुसरा प्रकार आहे घसरण मर्यादित ठेवणारा. त्यात घर्षणाच्या चकत्या तरी असतात, नाही तर विशिष्ट तऱ्हेने कापलेली मळसूत्री चक्रे. अमेरिकेतल्या ग्लीसमन यांनी 1958 साली ज्याचे पेटंट घेतले तो टॉर्सेन हा या चक्रांच्या जातीचा. हे डिफरन्शियल कमी पकड असलेल्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देते, समजा तिप्पट. मग पन्नास अधिक दीडशे, दोनशे झाले. चढ कसाबसा निघाला. वळणावर ते त्रास देत नाही, ओल्या डांबरावर गुणकारी आहे. पण एक चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबकळले, तर त्याची पकड शून्य. आणि शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी जाणकार ड्रायव्हर हलकेच ब्रेक दाबून त्या अधांतरी चाकाला थोडे ओझे देतात, म्हणजे त्या ओझ्याची तिप्पट दुसऱ्याकडे जाते. चकत्यांच्या जातीला खास तेल लागते आणि चकत्या झिजतातही. झिजल्यावर ते साधेच डिफरन्शियल उरते. जुनी गाडी घेताना हे लक्षात असू द्या.

तिसरी युक्ती आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना कधीपासूनची ठाऊक आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. खाचरात उजवे चाक फिरायला लागले, की गडी नुसता उजवा ब्रेक दाबतो आणि डावे चाक ओढू लागते. 2023 साली आलेल्या मारुती जिम्नीत हेच काम यंत्र आपोआप करते. फिरणाऱ्या चाकाला तेवढा ब्रेक लागतो. बरे चालते, पण लांब चिखलात ब्रेक तापतात, आणि चाक फिरू लागल्यावरच यंत्राला जाग येते.

लॉकमध्येही दोन तऱ्हा आहेत. पुण्याच्या फोर्स मोटर्सने गुरखा गाडीला पुढे आणि मागे, दोन्ही आसांना ड्रायव्हरच्या हातातले लॉक दिले. उलट महिंद्राच्या 2020 च्या थारच्या काही प्रकारांत आणि 2021 च्या बोलेरो निओच्या एका वरच्या प्रकारात मागचे लॉक स्वयंचलित आले. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की आतली वजने बाहेर फेकली जातात आणि लॉक लागते. त्याला बटण नाही, ड्रायव्हरला काही करावे लागत नाही. विक्रेते हा गुण म्हणून सांगतात, आणि तो गुण आहेही. पण पत्रातल्या त्या दरीकडे कललेल्या वाटेवर तोच अवगुण होऊ शकतो.

कारण असे की, साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत असले तरी दुसरे न फिरता जमीन धरून असते. जोर देत नाही, पण खुंटीसारखे गाडीची शेपूट जागेवर ठेवते. लॉक लागले आणि दोन्ही चाके एकदम घसरली, की ही खुंटी उपटली जाते आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे, म्हणजे दरीकडे, सरकू लागतो. मी स्वतः एकदा चढ संपल्यावर लॉक काढायला विसरलो आणि अशाच कललेल्या निसरड्या जागी आलो. गाडी हातभर बाजूला गेली आणि करवंदीच्या जाळीने अडवली. त्या हातभर अंतराचा विचार मी अजून करतो.

घाटातल्या डांबरावरही लॉक नको. माळशेजच्या पावसात लॉक लावून वळायला जाल, तर दोन्ही मागची चाके सारखीच फिरायचा हट्ट धरतात आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. ट्रॅक्टरवाल्यांनाही सांगणे आहे. बांधाशी वळण्यापूर्वी डिफरन्शियल लॉकच्या पट्टीवरून पाय काढा. पाय काढूनही सुटले नाही, तर स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे करा, सुटते. आणि मागची चाके पुरती रुतली असतील, तर लॉक लावून एकदम रेस देऊ नका. चाके फिरली नाहीत तर ट्रॅक्टरचे तोंडच वर उठते. काही ठिकाणी आतली चक्रे वेल्डिंग मारून कायमची जोडून देतात. स्वस्तात लॉक झाले असे वाटते, पण ते सुटत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला हा उद्योग कधीही करू नये.

फोर-व्हील असताना लॉक कशाला, हा प्रश्न राहिला. पुढचे आणि मागचे, दोन्ही डिफरन्शियल साधे असतील, तर पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके निसरड्यात सापडताच चारी चाकांची गाडी अडकते. चाकोरीत तिरके उतरताना नेमके असेच होते. तरीही फोर-व्हील आणि लॉक यांतले एकच परवडत असेल, तर मी फोर-व्हील आधी घेईन. पुढची चाके ओढू लागली की गाडी हवी तिकडे वळवता येते, आणि चढावर ते फार मोलाचे असते.

पिकअपवाल्यांना एवढेच, की रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर भारच नसतो, म्हणून ती येताना नव्हे तर जाताना रुतते. वाळूची चार पोती मागच्या आसावर टाका आणि खोल नक्षीचे टायर घ्या. डिफरन्शियलचा विचार त्यानंतर.

त्या गुरुजींना मी असे लिहिले: फोर-व्हील घ्या, मागचे लॉक असेल तर हाताने लावायचे-काढायचे घ्या, कारण तुमच्या वाटेवर चढाला ते हवे आहे आणि लगेच पुढच्या कलत्या जागी नको आहे. पैसे पुरत नसतील आणि स्वयंचलित लॉकचीच गाडी मिळत असेल, तर तीही चालेल. मात्र कलत्या जागी पहिल्या किंवा लो गिअरमध्ये, चाक न फिरवता, अगदी सावकाश जायचे. जे कोणी रात्री गाडी चालवणार, त्या सर्वांनी पहिल्या पावसात, दिवसाउजेडी, गाडी रिकामी असताना त्या चढावर सराव करावा. आणि गाडी येण्याआधी, उन्हाळ्यातच, त्या शे-दीडशे पावलांवर कुदळ-फावडे घेऊन उतरा. दरीकडची कड भरून वाट डोंगराच्या अंगाला थोडी कलती करा आणि आतल्या बाजूने पाण्याला चर काढा. सात-आठ घरांचे चार दिवसांचे काम आहे.