फर्मान, भक्ती आणि संविधान

बीड जिल्ह्यात इनाम जमिनीचा दावा चालवताना आम्हा वकिलांना आजही उर्दूतला मुंतखब वाचून घ्यावा लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता, अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते, आणि मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाच्या वर कोणताही कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली अमीर-उन्-निसा बेगम खटल्यात हेच नोंदवले: सर्वोच्च कायदेमंडळ तोच, न्यायाधीश तोच, कारभाराचा प्रमुखही तोच; घटनेचे बंधन नाही. खटला एका नवाबाच्या वारशाचा होता. एका फर्मानाने दिलेला निकाल दुसरे फर्मान फिरवी. नवाबाच्या घरची ही गत, तर वेठबिगारीत राबणाऱ्या अस्पृश्याने दाद कुठे मागायची?

इंग्लंडचा पहिला जेम्स स्वतःला पृथ्वीवरचा ईश्वराचा प्रतिनिधी म्हणवी. न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी १६०७ मध्ये त्याला सुनावले की खटल्यांचा निवाडा राजाने स्वतः करायचा नाही, राजाही कायद्याखालीच आहे. मुलगा पहिला चार्ल्स बापाचाच हेका धरून बसला. १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईसाठी बिशप बोस्युएने बायबलातून आधार काढून दिले. आपल्याकडे हे काम मनूने कधीच करून ठेवले होते. मनुस्मृतीचा सातवा अध्याय सांगतो, राजा देवांच्या अंशांतून घडला. तो बालक असला तरी त्याला माणूस समजून अवमानू नये. पण मनूने दैवी हक्क एकट्या राजाला दिला नाही, जन्माच्या उतरंडीलाही दिला. म्हणून हैदराबादचा राजा मुसलमान असला तरी गावगाडा मनूचाच चालला. पोलीस अॅक्शनने निजामाची सत्ता गेली. देशमुखाचा वाडा आणि गावाबाहेरचा महारवाडा जागच्या जागी राहिले.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावले होते की निजामाची बाजू घेऊ नका. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान स्वीकारले. फर्मानशाही फर्मानानेच संपली! दोनच दिवसांनी बाबासाहेब संविधान सभेत इशारा देत होते: राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

१९७१ साली २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले, मान्यताही गेली. आमच्या जिल्ह्यात मात्र निवडणूक आली की साहेबांच्या पायावर डोके ठेवायला रांग लागते, आणि त्या रांगेत निळा गमछा घातलेले आमचे कार्यकर्तेही असतात.